ट्यूब मागण्याआधी बांध बघा

ऑगस्ट लागला की भालकीच्या माझ्या औषधाच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक सुरू होतं. पन्नाशीच्या आसपासचा शेतकरी, डोक्याला टॉवेल, पापण्या सुजलेल्या, मान काळवंडलेली, कोपराच्या आतली बाजू खाजवून खाजवून ओली झालेली. कुणी मराठीत मागतं, कुणी "तुरिकी आग्यादरी, मुलाम कोडरी" म्हणतं, कुणी दखनीत "आपा, खुजली की ट्यूब देव" म्हणतं. मागणी एकच, खाजेची ट्यूब. औषधाचं नाव माहीत नसतं, खोक्याचा रंग मात्र पाठ असतो. शेजाऱ्यानं लावली होती, त्याला दोन दिवसांत गुण आला होता, तेवढं पुरेसं असतं.

मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही आणि मी ते करत नाही. पण काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की जे दिसतं ते आपल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं. दरवर्षी पावसाळ्यात चेहऱ्यावर, मानेवर, पापण्यांवर उठणारी ही खाज बहुतेक घरांत नायटा, उष्णता नाहीतर "रक्त बिघडलं" म्हणून काढली जाते. तिचं कारण पुष्कळदा आपल्याच बांधावर उभं असतं. ते कमरेएवढं वाढलेलं असतं, वर बारीक पांढरी फुलं असतात, आणि आपण रोज त्याला घासून जातो.

गाजर गवताबद्दल बोलतेय मी. कुणी काँग्रेस गवत म्हणतं. औरादपासून आळंदपर्यंत एकही रस्ता दाखवा जिथे ते नाही. शाळेच्या भिंतीलगत, पडीक गायरानात, रेल्वेच्या रुळाकडेला, स्मशानाच्या वाटेवर ते आहेच. मूळचं हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं. आपल्याकडे त्याची ठळक नोंद पुण्यात १९५५ साली झाली. परदेशी गव्हाबरोबर आलं, असं बहुतेक जण सांगतात. पुढच्या वीस वर्षांत ते दख्खनभर पसरलं आणि कर्नाटक सरकारला १९७५ मध्ये त्याला कायद्यानं उपद्रवी तण म्हणून जाहीर करावं लागलं. म्हणजे आपल्या राज्यात हे तण वाढू न देणं ही पन्नास वर्षांपासून कायद्याची गोष्ट आहे. गावात कुणाला हे माहीत आहे का, विचारून बघा.

त्वचेशी त्याचं वैर कसं आहे हेही जुनंच ज्ञान आहे. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी त्वचारोगतज्ज्ञांबरोबर १९७४ साली याबद्दल लिहिलं होतं. या झाडाच्या पानांवर, देठांवर, फुलांवर जी बारीक लव असते तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते काही पहिल्या दिवशी कुणाला चावत नाही. माणूस वर्षानुवर्षं त्यात वावरतो, उपटतो, भारा डोक्यावर वाहतो, काही होत नाही. एखाद्या वर्षी शरीर त्या रसायनाला शत्रू समजायला लागतं. एकदा ते ठरलं की पुढे झाडाला हात लावायचीही गरज उरत नाही. वाळलेल्या पानांचा भुगा वाऱ्यावर उडून पापणीवर बसला तरी पुरतो. म्हणून तर माणसं म्हणतात, "ताई, चाळीस वर्षं याच शेतात काम केलं, तेव्हा का नाही झालं?" तेव्हा झालं नाही म्हणून आता होणार नाही, असा हिशेब या आजारात चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात हलबर्ग्याकडचे एक मामा आले होते. कपाळावर उभ्या आडव्या घड्या पडलेल्या, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, मानेची कातडी खरखरीत आणि काळी. बोलताना दर मिनिटाला नख मानेकडे जायचं. चार पावसाळे हे चालू होतं. उन्हाळ्यात ते मुलाकडे पुण्याला जात, तिथे पंधरा दिवसांत कातडी निवळायची. परत आले, मूग काढायला शेतात उतरले की आठवड्यात पुन्हा तेच. "पुण्याचं पाणी मानवतं," असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. मी विचारलं, वैरण कुठून आणता? म्हणाले, बांधावरून. त्यात ते पांढऱ्या फुलाचं गवत असतं का? असतं की, म्हणाले, म्हैस खात नाही, उरतं ते आम्ही गोठ्यातच झाडून काढतो. रोज सकाळी तोंडाजवळ तो भुगा उडवायचा आणि संध्याकाळी मलम लावायचं, असं चार वर्षं चाललं होतं. गावात आणखी एक कुजबुज होती, ती त्यांनी आवाज खाली करून सांगितली. लोक त्यांना महारोग झाला असं म्हणत होते. सुनेनं ताट वेगळं केलं होतं.

इथे थांबून सांगायलाच हवं. गाजर गवताची ॲलर्जी फार दिवस राहिली की चेहऱ्याची कातडी जाड होते, कान जाड होतात, कपाळावर घड्या पडतात, आणि वरवर बघणाऱ्याला कुष्ठरोगाची शंका येते. पण कुष्ठरोगाच्या चट्ट्याची सहसा खूण असते बधिरपणा. तिथे टोचलं तर कळत नाही, खाज तर बहुतेक नसतेच. या ॲलर्जीत खाज एवढी असते की माणूस रात्र रात्र झोपत नाही. शिवाय कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, औषध सुरू झालं की तो पसरत नाही, त्यामुळे तो असला तरी ताट वेगळं करायचं कारण नाही. ॲलर्जी तर कधीच कुणाची कुणाला लागत नाही. त्या मामांना कलबुर्गीला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, पाठीवर तपासणी झाली, गाजर गवताच्या चौकटीत लाल फोड उठले. सुनेला रिपोर्ट वाचून दाखवावा लागला.

ओळखायचं कसं? काउंटरवर मी चार प्रश्न विचारते, तेच तुम्ही घरी विचारू शकता. पापण्यांवर आहे का? उन्हानं होणारी पुरळ कपाळावर, गालाच्या उंचवट्यावर, नाकावर उठते, जिथे ऊन पडतं तिथे. हवेतल्या भुग्यानं होणारी पुरळ जिथे ऊन पोचत नाही तिथेही शिरते. वरच्या पापण्या, कानाच्या मागची खाच, हनुवटीच्या खालची जागा, कोपराची आणि गुडघ्याची आतली घडी बघा. दुसरा प्रश्न, कोणत्या महिन्यात वाढते? तिसरा, गाव सोडलं की कमी होते का? आणि चौथा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण तो सर्वांत आधी विचारायला हवा. केस कधी काळे केले? केस रंगवायच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन याच वयाच्या माणसांच्या पापण्या अशाच सुजवतं. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीतही तेच घातलेलं असतं. फरक एवढाच की ती सूज डाय लावल्यावर एकदोन दिवसांत येते आणि हळूहळू उतरते. गाजर गवताची खाज हंगामभर मुक्काम करते. जुनी झाली तर बारा महिने राहते, कारण सोयाबीनच्या भुशात, तुरीच्या भुसकटात वाळलेलं गवत मळणीबरोबर घरात येतंच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याला गाजर गवत बाधतं त्याला त्याच कुळातली इतर झाडंही बाधू शकतात. सूर्यफूल, शेवंती, वैरणीत येणारं गोखरूचं झुडूप ही त्याच घराण्यातली आहेत. देव्हाऱ्यात शेवंतीचा हार घातला आणि हात सुजले, तर देव कोपला असं समजू नका.

आता त्या ट्यूबबद्दल. माझ्या धंद्यातल्या माणसांना हे आवडणार नाही, तरी लिहिते. खाजेची ट्यूब म्हणून जे मागितलं जातं ते बहुतेक वेळा एका ट्यूबमध्ये कोंबलेलं तिहेरी मिश्रण असतं. त्यात कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतुनाशक असं सगळं असतं. लावलं की दोन दिवसांत लाली जाते, कारण स्टेरॉइड जळजळ दाबून टाकतं. गवत बांधावर तसंच असतं, त्यामुळे ट्यूब बंद केली की खाज दामदुपटीनं परत येते. माणूस पुन्हा लावतो. सहा महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर फोड येतात, ऊन सहन होत नाही. खरोखर नायटा असेल तर आणखी वाईट. स्टेरॉइडखाली बुरशी चेहरा बदलून पसरत राहते आणि मग तज्ज्ञालाही पटकन ओळखू येत नाही. केंद्र सरकारनं मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्यासाठी कितीतरी वर्षं आवाज उठवला होता. नियम आहे, तरी ट्यूब किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी मिळते. माझ्या मते औषध निरीक्षकांनी शहरातल्या मोठ्या दुकानांच्या वह्या तपासण्याआधी आठवडी बाजारातल्या पाट्या तपासाव्यात.

स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे, हेही तितकंच खरं. डॉक्टर ते ठरावीक दिवस, ठरावीक जागी देतात, तेव्हा त्याच्यासारखा आराम दुसऱ्या कशानं नाही. जुन्या, हट्टी दुखण्यात ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या दिल्या जातात. हे मूळचं मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचं औषध. दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी गाजर गवताच्या रुग्णांवर त्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. पण त्या गोळ्यांत पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, रक्त ठरल्या वेळी तपासावंच लागतं. शेजाऱ्याची चिठ्ठी आणून त्या गोळ्या मागू नका. मी देणार नाही.

गाजर गवत बाहेरून आलेलं, पण आपल्या मातीतलंच एक झाड असंच छळतं. बिबा. आपल्याकडे बिबा घराघरांत असतो. काळ्या दोऱ्यात ओवून पोराच्या गळ्यात, गुडघा दुखतो म्हणून चटका द्यायला, टाचेच्या भेगेत भरायला. आणि बिबा उतला की काय होतं हे म्हाताऱ्या बायकांना चांगलं माहीत आहे. जिथे तेल लागलं तिथे काळा डाग, भोवती पाण्यानं भरलेले फोड, फोड फुटून वाहणारं पाणी, मग जिथे लावलंच नव्हतं तिथेही पुरळ. बिब्याच्या सालीतलं तेल हे आंब्याच्या चिकाचं आणि काजूच्या टरफलातल्या तेलाचं सख्खं भावंड, तिन्ही एकाच कुळातले. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर अशीच पुरळ उठायला लागली, तेव्हा त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी छडा लावला. धोबी कपडे ओळखायला कॉलरच्या आत बिब्याच्या रसानं खूण करत होते. ते सगळं १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे धुतलेल्या, वाळलेल्या कपड्यावरचा ठिपकाही माणसाला महागात पडला. आणि आपण बाळाच्या बेंबीजवळ बिबा लावतो. माझी विनंती साधी आहे. दृष्ट काढायची तर मीठमोहऱ्यांनी काढा. बिबा आयुर्वेदात आहे, पण वैद्य तो शोधन करून देतात, आपण तो चुलीवर तापवून सरळ कातडीवर टेकवतो.

कलबुर्गीकडची गोष्ट वेगळी. वाडी, सेडम, मळखेड ही सिमेंटची गावं, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली तरणी पोरं हैदराबाद, पुणे, मुंबईला बांधकामावर जातात. त्यांचे हात बघितलेत कधी? बोटांच्या सांध्यांवर भेगा, तळव्याची कातडी फाटलेली. ओलं सिमेंट कातडी जाळतंच, पण त्यात क्रोमियमचा जो अंश असतो त्याची ॲलर्जी एकदा जडली की मिस्त्रीकाम सोडल्यावरही पिच्छा सुटत नाही. डेन्मार्कनं १९८० च्या दशकातच सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घालून हा क्रोमियम निष्प्रभ करायला सुरुवात केली. युरोपात २००५ पासून दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा जास्त असा क्रोमियम चालत नाही. आपल्या पोरांच्या हातात मात्र हातमोजाही नसतो. मुकादमानं लांब बाह्यांचे रबरी मोजे द्यावेत, आणि ओलं सिमेंट लागलेली पँट दिवसभर अंगावर ठेवू नये, एवढं तरी आज होऊ शकतं.

बायकांच्या बाबतीत टिकलीचं बोलायला हवं. टिकलीच्या मागच्या गोंदातल्या एका रसायनानं कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. रंग बनवणाऱ्या पेशीच त्या जागी मरतात. मग कोड फुटलं म्हणून लग्नं मोडतात. टिकलीखाली खाज सुटली की त्याच दिवशी ती बंद करायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. खोट्या दागिन्यांतल्या निकेलचंही तसंच, कानाची पाळी ओली झाली की दागिना बदला.

आता माझी मागणी. पहिली, पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या चकत्यांत वेगवेगळे पदार्थ लावून दोन दिवस चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि नंतर एकदोन दिवसांनी पुन्हा वाचतात. कोणत्या चकतीखाली फोड उठला त्यावरून कळतं की बाधतंय ते गाजर गवत, डाय, निकेल की सिमेंट. भारतासाठी ठरवलेल्या संचात हे सगळे पदार्थ आहेत. हे काम मोठ्या यंत्राचं नाही, त्याला दोनतीन वेळा दवाखान्यात यायची तयारी लागते आणि वाचणारा जाणकार लागतो. औरादच्या शेतमजुराला तीन फेऱ्या मारणं म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडणं. म्हणून आपल्या दोन्ही जिल्हा रुग्णालयांत आठवड्याचे वार ठरवून द्यावेत, अमुक वारी चकत्या लावणार, अमुक वारी वाचणार, आणि ते मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषांत फलकावर लिहावं. येण्याजाण्याचं भाडं द्यावं. कलम ३७१ (जे) मुळे आपल्या कल्याण कर्नाटकासाठी वेगळा निधी आणि वेगळं विकास मंडळ आहे. त्यातून रस्ते होतात, इमारती होतात. रुग्णाचं बसभाडं त्यात कुठेही बसू शकतं.

दुसरी मागणी गवताची. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह होतो. हेतू चांगला आहे. पण आपल्याकडे जूनच्या पावसावर हे गवत उगवतं आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. ऑगस्टच्या मध्याला ते पांढरं झालेलं असतं. तेव्हा शाळेच्या मुलांना रांगेत उभं करून उघड्या हातांनी गवत उपटायला लावणं म्हणजे त्यांच्या तोंडावर फुलोरा उधळणं. आपल्या जिल्ह्यांत हे काम जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवं. तेव्हा जमीन ओली असते, रोप वीतभर असतं, मुळासकट येतं, आणि फूल नसल्यामुळे ते खड्ड्यात घालून खत करता येतं. एका वाढलेल्या झाडाला हजारो बिया येतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून एका वर्षाच्या मोहिमेनं भागणार नाही. पंचायतीनं मजुरी देऊन, मोजे देऊन, सलग काही वर्षं हे करावं. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकात मेक्सिकोचा एक भुंगा आणून सोडला होता, तो हीच पानं खातो. पावसाळ्यात झाडावर पांढुरके, नक्षीचे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका, ते आपलंच काम करतायत. पडीक जागी तरोटा वाढू द्या, तो याला दाबतो.

आणि ज्याला आधीच ही ॲलर्जी आहे त्यानं गवत उपटायला जाऊच नये. ते घरातल्या दुसऱ्या माणसानं करावं, पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे, तोंडाला रुमाल बांधून. शेतातून आल्यावर आधी अंघोळ, मग जेवण. शेतातले कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नका, धुतलेले कपडे बांधाकडच्या कुंपणावर वाळत घालू नका. वाळलेलं गवत पेटवू नका, पेटवायला गोळा करतानाच सगळा भुगा अंगावर येतो. डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबांची रिकामी खोकी पिशवीत घालून न्या, लाज न बाळगता. त्यावरून त्यांना अर्धी हकीकत कळते.

ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर होईल तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर हा एक विषय कागदावर घालायला लावा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाजर गवत काढायचं, फूल येण्याआधी. ठरावाची प्रत तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या.